मुळाशी बसलेला शिकारी

आजची गोष्ट जमिनीखालची आहे.

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की ऊस, डाळिंब, पेरू दिसत राहतात. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यात आता ठिबक. मुळांभोवती कायम ओल. ही ओल झाडाला मानवते, तशीच सूत्रकृमीलाही. आपण सगळे ज्याला 'निमॅटोड' म्हणतो, तोच. अर्ध्या मिलिमीटरहून लहान पिल्लू मुळात शिरतं, मुळाला गाठी येतात आणि झाड वरून पिवळं पडत जातं. शेतकरी खत वाढवतो, झाड काही उठत नाही.

मुळांच्या गाठींमागे सूत्रकृमी असतो, हे १८५५ साली इंग्लंडमध्ये माइल्स बर्कलीने काकडीच्या मुळांवर दाखवलं. गंमत म्हणजे पाचच वर्षं आधी, १८५० मध्ये, जर्मनीत फ्रेझेनियसने एका बुरशीचं वर्णन केलं होतं: आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा. कुजक्या पाल्यावर जगणारी, दिसायला गरीब. ती शिकारी आहे हे कळायला १८८८ उजाडलं. फ्रीडरिश झोप्फने तिच्या धाग्यांच्या फासांत जिवंत सूत्रकृमी अडकताना पाहिला.

मग साहजिकच विचार आला, हिलाच शेतात कामाला लावली तर? १९३७ मध्ये हवाईत लिनफर्डने अननसाचा चिरलेला पाला मातीत मिसळला. पाला कुजला, मातीतल्या सूत्रकृमींच्या शत्रूंची हालचाल वाढली आणि मुळांच्या गाठी कमी झाल्या. पण पुढे अनेकांनी नुसती बुरशी मातीत टाकून पाहिली, तेव्हा यश कधी आलं, कधी नाही. असं का?

उत्तर जनुकांत होतं. २०११ मध्ये या बुरशीचा जीनोम वाचला गेला, साधारण साडेअकरा हजार जनुकं. २०१३ मध्ये येन-पिंग शुए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही बुरशी सूत्रकृमींचे आपापसातले रासायनिक निरोप चोरून ऐकते आणि त्यावरून फास तयार करते. तेही नायट्रोजनची चणचण असताना. २०२० मध्ये त्यांच्या तैवानमधल्या गटाने जीपीबी१ हे जनुक काढून टाकलं, तर फास लावणंच ढासळलं.

म्हणजे काय, तर ही बुरशी कायम शिकारी नाही. पोट भरलेलं असेल तर ती पाला खात निवांत वाढते. भूक आणि चाहूल दोन्ही मिळाल्या, की आतली बटणं दाबली जातात.

इंदापूरच्या बागायतदाराला याचा अर्थ सरळ आहे. बाटली ओतली म्हणजे शिकार सुरू झाली, असं नसतं. शिवाय बाटली कसली हेही बघा. दुकानात मिळणारी पॅसिलोमायसिस फास लावत नाही, ती सूत्रकृमीची अंडी खाते. कामं वेगळी, म्हणून अपेक्षाही वेगळ्या ठेवा. आणि खताचं पोतं उघडण्याआधी एकदा मूळ उकरून गाठी आहेत का ते बघा.