तबकडीचा रियाज

ग्रामोफोनच्या तबकडीस मुलांनीं हात लावूं नये, हा आपल्याकडील घराघरांतला जुना दंडक. सुई घसरली, ओरखडा उठला, कीं तबकडी वाया गेली. श्रोतेहो, नेमका हाच दंडक मोडून न्यूयॉर्कमधील कांहीं मुलांनीं ऐकण्याच्या यंत्राचें वाजविण्याचें वाद्य केलें. ती हकीगत आज मी आपणांस सांगणार आहें.

न्यूयॉर्कचा ब्राँक्स हा विभाग १९७० नंतर हलाखींत सांपडला होता. मोठ्या हमरस्त्यासाठीं वस्त्या उठल्या, घरें आगींत जळालीं, आणि १९७५ सालीं शहराची तिजोरीच रिती होत आली. तेथील पुष्कळ मुलांजवळ वाद्यें नव्हतीं. वडीलधाऱ्यांच्या तबकड्या तेवढ्या होत्या.

११ ऑगस्ट १९७३ रोजीं सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क ह्या जमेकांत जन्मलेल्या तरुणानें बहिणीच्या समारंभासाठीं तबकड्या वाजविल्या. गाणें थांबून नुसता ताल उरतो, त्या थोड्या क्षणांचीच नाचणारे वाट पाहतात, हें त्यानें हेरलें. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून, एकीवरचा ताल संपतांच दुसरीवरचा तो सुरू करूं लागला. युक्ति नामी होती. पण सुई अंदाजानें टाकल्यामुळें ठेका तुटे.

ही उणीव जोसेफ सॅडलर ऊर्फ ग्रँडमास्टर फ्लॅश यानें दूर केली. विजेच्या यंत्रांचें शिक्षण घेणारा हा मुलगा. त्यानें तबकडीवर रंगीत खडूनें खूण केली आणि ती किती फेरे मागें फिरविली म्हणजे ताल पुन्हां आरंभास येतो, हें मोजून ठेवलें. खालीं फेल्टची चकती घातली, म्हणजे चाक फिरत राही आणि तबकडी मात्र बोटाखालीं स्थिर. जीन लिव्हिंग्स्टन या मित्राच्या घरीं हा अभ्यास चाले. जीनचा धाकटा भाऊ थिओडोर तेथेंच शिकला. यंत्रापर्यंत हात पोंचावा म्हणून त्यास खोक्यावर उभें राहावें लागे.

१९७५ च्या सुमारास एके दिवशीं, आवाज फार झाला म्हणून आई थिओडोरवर रागावण्यास आली. त्यानें तबकडी हातानें धरून ठेवली, आणि आईचें बोलणें चालू असतां ती पुढेंमागें हलविली. खर्र-खर्र असा तालबद्ध ध्वनि कानीं पडला. दुसरा एखादा तो विसरून गेला असता. यानें कित्येक दिवस तेंच गिरविलें, आणि मगच लोकांपुढें मांडलें. हीच ‘स्क्रॅचिंग’ची विद्या.

यंत्राचीही साथ लाभली. जपानच्या मात्सुशिता कंपनीनें १९७२ सालीं काढलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० मध्यें पट्टा नव्हता; मोटर थेट चाक फिरवी, म्हणून हात सोडतांच तबकडी पूर्ववत् गति घेई. १९७९ च्या सुधारलेल्या यंत्रांत गति किंचित् कमीजास्त करणारी सरकती कळ आली, आणि दोन गाण्यांची लय जुळवून समेवर सम आणणें सुकर झालें. १९८३ सालीं हर्बी हॅन्कॉक यांच्या ‘रॉकिट’ या रचनेंतून हा खरखराट देशोदेशीं पोंचला.

यास संगीत म्हणावें काय, असें पुष्कळ सुशिक्षित विचारतात. मला वाटतें, उत्तर जीनच्या त्या खोलींत आहे. मित्रानें मित्रास हात दाखवावा, दुसऱ्यानें तो उचलावा, मात्रा चुकली कीं पुन्हां पहिल्यापासून. आपल्याकडे तबलजी तरी याहून वेगळें काय करतो? ज्या विद्येस कान, मोजणी आणि रोजची मेहनत लागते, तिचें वाद्य कोणतें, हें पाहून तिला कमी लेखण्याचें कारण नाहीं.