अवजड तोफा आणि अडचणीच्या वाटा

जुन्या वाड्यांतून बिऱ्हाड हलवितांना सर्वांत मोठी पंचाईत लोखंडी तिजोरीची होते. कपाट दारांतून तिरकें करून काढतां येतें, पलंग सुटा करतां येतो. पण तिजोरी ना सुटी होते, ना वांकते. जिन्याच्या वळणावर ती अडली म्हणजे वरच्यांना खालचे दिसत नाहींत, खालच्यांना वरच्यांचें ऐकूं येत नाहीं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला 'जरा उचला' म्हणून बजावीत असतो. ही वस्तु मुळांत आंत आली तरी कशी, हें घरांतील कोणालाच आठवत नसतें. हाच घरगुती पेंच राज्यकर्त्यांपुढें उभा राहिला, तेव्हां तिजोरीच्या जागीं तोफ होती आणि जिन्याच्या जागीं डोंगर होता. एका प्रसंगीं तर एका माणसाची सुटका त्या पेंचावर अवलंबून राहिली. तो प्रसंग दौलताबादचा आहे.

छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यांत, कन्नड तालुक्यांत देवगांव रंगारी हें गांव आहे. तेथून पूर्वेची वाट धरली कीं वेरूळ लागतें, मग खुलताबाद, आणि पुढें घाट उतरला कीं दौलताबादचा किल्ला समोर उभा राहतो. एवढ्या लहान टापूंत अवजड वस्तु आणि अडचणीची जागा यांचे अगदीं उलट असे दोन नमुने पाहावयास मिळतात. वेरूळचें कैलास लेणें आठव्या शतकांत, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, एकाच खडकांतून वरून खालीं कोरण्यांत आलें. तेथील दगडी हत्ती कोणी ओढून आणले नाहींत. ते जागच्या जागीं होतेच, भोंवतालचा नको तो दगड तेवढा बाहेर गेला. दौलताबादेस मात्र ही सोय नव्हती. तेथें तयार झालेली अवजड वस्तु खालून वर न्यावयाची होती, आणि तीही अशा जागीं, कीं जी मुद्दाम अडचणीची करून ठेवलेली होती.

यादव राजा पांचवा भिल्लम यानें बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीस राजधानी केली. मैदानांत एकटाच उभा असलेला हा शंकूसारखा डोंगर सुमारें सहाशें फूट उंच आहे. त्याचे खालचे कडे तासून भिंतीसारखे सरळ केलेले आहेत, तळाशीं खडकांत खोदलेला खंदक आहे, आणि खंदकाच्या पलीकडे वर जाणारी वाट डोंगराच्या पोटांतून जाते. या वाटेला लोक 'अंधारी' म्हणतात. तिच्यांत वळणें आहेत, पायऱ्या आहेत, आणि वरच्या तोंडावर लोखंडी झांकण घालून त्यावर विस्तव पेटविण्याची योजना होती, म्हणजे खालून चढणारा शत्रु धुरानें गुदमरावा. इ. स. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें येथें दिल्लीची राजधानी आणली आणि गांवाचें नांव दौलताबाद ठेवलें. १६३३ मध्यें शहाजहानचा सरदार महाबतखान यानें किल्ला घेतला व तो मोगलांकडे गेला.

किल्ल्याची वाट अरुंद आणि वांकडी करण्यांत शहाणपण होतें. हत्तीला दरवाज्यावर धडक मारण्यास धांव घेतां येऊं नये, शत्रूची रांग एकेका माणसाची व्हावी, हा त्यांतला हेतु. परंतु हें शहाणपण तोफेपूर्वीच्या काळांतलें होतें. तोफ आल्यावर तीच वळणें घरधन्यावर उलटलीं. जी वाट शत्रूच्या हत्तीला आडवी येते, ती आपल्या तोफेलाही आडवी येते. दगडाला आपला आणि परका कळत नाहीं.

वळणाचा हा हिशेब भूमितीनें करतां येतो. चार फूट रुंदीचा बोळ काटकोनांत वळत असेल, तर त्यांतून आडवी धरलेली अगदीं बारीक काठीसुद्धां सुमारें अकरा फूट चार इंचांहून लांब असल्यास वळत नाहीं. काठीला जाडी आली कीं ही मर्यादा आणखी खालीं येते. काठी निदान उभी करतां येते. तोफ उभी करून पायऱ्यांवरून वळविणें म्हणजे संकटाला हांक मारून बोलावणें. म्हणून जिन्यांत अडलेल्या तिजोरीबद्दल जो प्रश्न प्रथम विचारावयास हवा, तोच किल्लेदारानेंही विचारावयास हवा होता. वस्तु किती जड आहे हा प्रश्न दुसरा. ती वळेल काय, हा पहिला.

या प्रश्नाचीं उत्तरें निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळीं दिलीं गेलीं. जयपूरजवळच्या जयगड किल्ल्यांत तोफा ओतण्याचा कारखानाच गडावर होता. १७२० मध्यें झालेली प्रचंड 'जयवाण' तोफ तेथेंच तयार झाली, त्यामुळें ती गडावर चढविण्याचा प्रश्नच उरला नाहीं. विजापूरच्या 'मलिक-इ-मैदान' तोफेचें भाग्य निराळें होतें. ती १५४९ मध्यें अहमदनगरास महंमद बिन हसन रूमी या कारागिरानें ओतली. तिची लांबी चौदा फुटांहून अधिक आणि वजन सुमारें ५५ टन. तिला पुढें परांड्यास नेण्यांत आलें, आणि १६३२ मध्यें तेथून विजापुरास आणलें गेलें. या शेवटच्या प्रवासास दहा हत्ती, चारशें बैल व शेंकडों माणसें लागलीं असें परंपरा सांगते. तिची जोडीदार तोफ वाटेंत नदीच्या पात्रांत बुडाली, अशीही आख्यायिका आहे. पुढें इंग्रजी अमदानींत ही तोफ विलायतेस नेण्याचा विचार निघाला, तो रस्त्यांच्या अडचणीपुढें मागें पडला. ज्या वजनानें तिला आणणाऱ्यांना रडविलें, त्याच वजनानें तिला देशांत ठेवलें.

सपाट रस्त्यावर माणसें आणि जनावरें वाढवीत गेलें कीं काम होतें. डोंगरावर तसें होत नाहीं. दहा फुटांत एक फूट चढणाऱ्या वाटेवर ओझ्याच्या वजनाचा दहावा हिस्सा नुसत्या चढासाठीं ओढावा लागतो, आणि जमिनीच्या घर्षणाचें बळ त्याहून वेगळें, बहुधा त्याहून जास्त. ओझें चाकांवर ठेवलें तर चाकें मातींत रुततात. म्हणून फळ्या अंथराव्या लागतात, किंवा तोफ गाड्यावरून उतरवून लांकडी घसरीवर बांधावी लागते. गाडा निराळा, चाकें निराळीं, तोफ निराळी, असे भाग पाडले म्हणजे निदान तीन ओझीं तीन वेळां नेतां येतात.

बैलांच्या लांब जोड्या सरळ वाटेवर उपयोगी, वळणावर त्याच घातक. पुढचे बैल कोपऱ्यापलीकडे गेले कीं दोर वळणाच्या आंतल्या अंगास ताणला जातो आणि तोफ रस्ता सोडून तिकडे सरकूं लागते. तेथें जनावरें सोडून रहाट बसवावा लागतो, किंवा खडकांत रोंवलेल्या खांबास कप्पी बांधून दोराची दिशा बदलावी लागते. कप्प्या वाढविल्या तर बळ कमी लागतें, परंतु तितक्याच पटीनें दोर अधिक ओढावा लागतो. निसर्ग येथें उधारी देत नाहीं. आणि प्रत्येक हातभर चढाईनंतर मागें अटकण घालावी लागते. ओढणाऱ्यांचा दम संपण्याच्या क्षणीं तोफेचा दम संपलेला नसतो. असें काम हळूहळू, एकाच माणसाच्या हांकेवर, आणि वेळेकडे न पाहतां करावें लागतें.

आतां तो दौलताबादचा प्रसंग. झां बाप्तिस्त टॅव्हर्नियर हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत अनेकदां येऊन गेला. त्याचें प्रवासवृत्त १६७६ मध्यें प्रसिद्ध झालें. सुरतेहून गोवळकोंड्यास जाणाऱ्या मार्गाच्या वर्णनांत त्यानें दौलताबादची हकीकत दिली आहे. किल्ल्याची वाट इतकी अरुंद, कीं एका वेळीं एकच घोडा किंवा एकच उंट जाऊं शके, असें तो लिहितो. किल्ल्यावर पुष्कळ उत्तम तोफा असून गोलंदाज बहुधा इंग्रज किंवा डच असत, असेंही त्यानें नमूद केलें आहे.

त्यांपैकीं एक डच गोलंदाज तेथें पंधरा सोळा वर्षें अडकून पडला होता. डच कंपनीनेंच त्याला बादशहाच्या चाकरींत दिलें होतें, आणि पुढें त्याला सोडवून घेण्यासाठीं कंपनीनें परोपरीनें खटपट केली; पण बादशाही रजा मिळेना. कारण त्याचा कांहीं अपराध होता असें नव्हे. तो गोलंदाजींत निष्णात होता आणि दारूकामांतही त्याचा हात चांगला होता, म्हणून त्याला कोणी सोडीना. कारागिराचें कसबच त्याच्या पायांतील बेडी झालें. किल्ला शत्रूला आंत येऊं देत नव्हता, तसा तो या नोकराला बाहेर जाऊं देत नव्हता.

१६६५ च्या आरंभीं मिर्झाराजे जयसिंग शिवाजी महाराजांवरील मोहिमेवर दक्षिणेंत आले. १० फेब्रुवारीस ते औरंगाबादेस पोंचले. दौलताबादवरून जात असतां हा डच गोलंदाज मुजऱ्यास गेला व त्यानें संधि साधली. किल्ल्याजवळ किल्ल्याहून उंच अशी एक टेकडी होती. शत्रूच्या हातीं ती पडली तर किल्ला तिच्या माऱ्याखालीं यावयाचा, म्हणून मोगलांनीं तिला तटही घातला होता. परंतु तिच्यावर तोफा चढविण्याचा उपाय सांपडला नव्हता. गोलंदाज म्हणाला कीं, आपली सुटका करून देत असाल, तर टेकडीवर तोफा चढविण्याची युक्ति मी दाखवितों. राजांनीं तें मान्य केलें. गोलंदाजानें आपला शब्द खरा केला आणि राजांनीं आपला. बादशहाकडे लिहून त्यांनीं त्याची रजा मिळविली. १६६७ मध्यें तो सुरतेस आला तेव्हां टॅव्हर्नियर तेथेंच होता. तेथून तो गलबतावर चढून बटाव्हियास निघून गेला.

जयसिंगांनीं हा सौदा इतक्या तत्परतेनें कां मान्य केला, हें पुढच्या दोन महिन्यांत दिसून आलें. ३ मार्चला ते पुण्यास पोंचले आणि थोड्याच दिवसांत पुरंदरास वेढा पडला. पुरंदराच्या पूर्वेस वज्रगड, ऊर्फ रुद्रमाळ, हें दुसरें शिखर आहे. तें ज्याच्या हातीं, त्याला पुरंदराची माची माऱ्यांत सांपडते. दौलताबादेस जो प्रश्न रक्षणाचा होता, तोच येथें आक्रमणाचा झाला. डोंगर बदलला, गणित तेंच राहिलें. वज्रगडासमोरच्या उंच खडकावर मोगलांनीं 'अब्दुल्लाखान' नांवाची तोफ चढविली, तिला तीन दिवस लागले. 'फत्तेलष्कर' हिला साडेतीन दिवस लागले. तिसरी 'हहेली' हीही मोठ्या कष्टानें त्याच ठिकाणीं नेण्यांत आली. या तोफांनीं बुरूज ढासळूं लागला आणि १४ एप्रिल रोजीं वज्रगड पडला. मुरारबाजी देशपांडे यांनीं पुरंदर प्राणपणानें लढविला व ते धारातीर्थीं पडले. जून महिन्यांत तह झाला आणि महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. इतिहासांत तहाचीं कलमें वाचतांना त्या साडेतीन दिवसांची आठवण सहसा होत नाहीं. परंतु तोफा त्या खडकावर पोंचल्या नसत्या, तर तीं कलमें निराळीं झालीं असतीं असें म्हणण्यास जागा आहे.

दौलताबादच्या गोलंदाजाचा पुरंदरच्या कामाशीं संबंध होता असें टॅव्हर्नियर म्हणत नाहीं, आणि तसें जोडून देण्याचें कारणही नाहीं. पण दोन्ही प्रसंग शेजारीं ठेवले म्हणजे एक विषमता लक्षांत येते. तोफांना नांवें होतीं. दौलताबादेस आजही तटाजवळच्या बुरुजावर 'मेंढा' तोफ आहे. तिच्या मागच्या टोंकास मेंढ्याचें तोंड आहे आणि अंगावर औरंगजेबाचें नांव कोरलेलें आहे. पुरंदरच्या तोफांचीं नांवें लेखांत राहिलीं. डच गोलंदाजाची हकीकत राहिली, तरी टॅव्हर्नियरनें त्याचें नांव दिलेलें नाहीं. आणि ज्यांनीं दोर खांद्यावर घेतला, ज्यांनीं प्रत्येक हातभर चढाईनंतर वांकून अटकण घातली, ज्यांचा हात दोर सुटतांना त्यांत अडकला असेल, त्यांची तर हकीकतही नाहीं. बैलांची संख्या कोणी तरी मोजून ठेवली. माणसांसाठीं 'शेंकडों' हा एकच शब्द पुरेसा झाला.

दौलताबाद चढून जाणाऱ्या प्रवाशाला अंधारी वाटेंत पाय चांचपडतांना वाटाड्याचा आवाज तेवढा ऐकूं येतो, आणि हातांत कांहींच ओझें नसतांना दम लागतो. तेथून बाहेर पडून वरच्या बुरुजावरील तोफेपाशीं पोंचलें, कीं लोक तिची लांबी पावलांनीं मोजतात आणि तोंडांत डोकावून पाहतात. क्षणभर पाठ फिरवून आलेल्या वाटेकडे पाहिलें, तर त्या तोफेचा खरा इतिहास तेथें दिसतो. ती किती दूर गोळा टाकीत असे, यापेक्षां ती येथवर आली कशी, हा प्रश्न मोठा आहे. तिजोरी हलविणाऱ्या हमालाला त्याचें उत्तर ठाऊक आहे: आधीं वाट मोजावी, ओझें सुटें करावें, एकाची हांक ऐकावी, आणि मागें अटकण घातल्याशिवाय कधींही दम घेऊं नये.