बांध फुटला, तिवरं आली

ठाण्याहून भिवंडीला येताना कशेळीचा पूल लागतो. ओहोटी असेल तर खिडकीतून खाली बघा. चिखलात पेन्सिली खोचल्यासारखी हजारो मुळं वर आलेली असतात आणि त्यांच्यामागे तिवरांची हिरवी रांग. आपल्याला वाटतं हे रान कायमचंच. पण खाडीकाठी आज जिथे तिवरं आहेत, त्यातल्या बऱ्याच जागी एकेकाळी भात पिकत होतं.

आपल्या वाडवडिलांनी खाडीला मातीचे बांध घातले. बांधाला उघाडी ठेवायची, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं आणि भरतीचं आत येत नाही. काही पावसाळ्यांत मीठ धुऊन निघालं की खाऱ्या मातीत तग धरणारं भात लावायचं, काळा राता, भुरा राता. दरवर्षी बांधावर माती चढवायची, खेकड्यांची बिळं बुजवायची. हे काम गावाचं, एकट्याचं नव्हे. त्यासाठी १९४८ मध्ये मुंबई राज्यानं खार जमिनींचा कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्रानं नवा केला. पण बांध कायद्यानं टिकत नाही, हातांनी टिकतो. हात यंत्रमागावर आणि गोदामात गेले, की बांधाला खिंडार पडतं.

खारं पाणी शिरलं की भात जातं. मग भरती गाळ आणते आणि गाळावर तिवराचं बी येतं. ते झाडावर असतानाच रुजलेलं असतं, म्हणून तरंगत येऊन चिखलाला टेकलं की लवकर मूळ धरतं. वर आलेली मुळं श्वास घेतात, गाळही अडवतात. हळूहळू निवट्या, चिंबोऱ्या, खुबे येतात. त्यांच्यामागे बगळे, आणि पाट्या घेऊन आपल्या कोळी-आगरी बायका.

अमेरिकेत १८९९ मध्ये हेन्री काउल्स यांनी मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर असाच क्रम मांडला होता: आधी गवत, मग झुडपं, शेवटी रान. १९२६ मध्ये हेन्री ग्लीसन म्हणाले, असा ठरलेला जिना नसतो. जे बी पोचतं आणि तगतं ते वाढतं. आपली खाडी पाहून मला ग्लीसनच पटतात. तिवरामागून कांदळ येईल अशी वाट पाहावी, तर ठाण्याच्या खाडीत अजून तिवराचंच राज्य. सांडपाणी ते इतरांपेक्षा जास्त सोसतं.

२००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खारफुटी तोडायला मनाई केली, २०१८ मध्ये अंतिम निकाल दिला. चांगलंच झालं. पण ज्याचा बांध फुटला, त्याच्या सातबाऱ्यावर शेती आणि शेतात तोडता न येणारी झाडं. त्याची तक्रार खोटी नाही. त्याला मोबदला मिळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र फुटलेला बांध वेगळा आणि भराव वेगळा. फुटलेल्या बांधातून भरती येते-जाते, म्हणून तिवरं आपणहून परततात. डेब्रिज टाकलं की जमीन उंच होते, भरती चढत नाही, तिथे वेडी बाभूळ माजते. अशा जागी तिवराची रोपं लावून फोटो काढले तरी ती वाळतात. आधी भराव उपसून तुंबलेले ओढे मोकळे करावे लागतात.

आमच्या बचत गटातल्या बायका विचारतात, ताई, रोपं किती आणायची? मी म्हणते, आधी भरतीच्या वेळी जाऊन बघू या, पाणी कुठवर येतंय ते.