नौका-छावणी, कोकणातील

पावसाळ्याच्या महिन्यांत नौका समुद्रातून काढून, किनाऱ्यावर किंवा खाडीच्या आतील सुरक्षित जागी आच्छादनाखाली ठेवण्याची पद्धती. थंड प्रदेशांत गोठण व हिमवादळे यांपासून बचावासाठी नौका हिवाळ्यात निवाऱ्यास नेतात. पश्चिम भारताच्या किनाऱ्यावर हेच काम नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, स्थूलमानाने ज्येष्ठापासून श्रावणी पौर्णिमेपर्यंत, करावे लागते. पोर्तुगीज आणि इंग्रज दर्यावर्दी या पावसाळी महिन्यांनाच आपापल्या भाषांत ‘हिवाळा’ म्हणत. कारण जहाजे निकामी होऊन बंदरात पडून राहण्याचा तोच काळ होय.

मराठी कागदपत्रांत यासाठी ‘छावणी’ हा शब्द येतो. छावणे म्हणजे गवत, पाने इत्यादींनी शाकारणे. पावसाळ्यात लष्कर जेथे शाकारलेल्या निवाऱ्यात राही, ती त्याची छावणी. आरमारालाही तोच शब्द लागू झाला. नौकेचे आच्छादन आणि नौदलाचा मुक्काम या दोन्ही गोष्टी त्यामुळे एकाच शब्दात सामावल्या आहेत.

कारणे : कोकण किनाऱ्यावर साधारणतः जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस सुरू होतो. वारा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून, म्हणजे सरळ किनाऱ्याकडे वाहतो. अशा वेळी शिडाच्या नौकेला किनाऱ्यापासून दूर निघणे दुष्कर होते आणि नांगर सुटल्यास ती खडकावर आदळते. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे साचतात. गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी आग्वादजवळ साचणाऱ्या दांड्यामुळे तेथील प्रवेशमार्ग पावसाळ्यात धोक्याचा होतो. मुरगाव बंदर मात्र खुले राहते. याखेरीज लाकडाच्या रक्षणाचा प्रश्न असतोच. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या नौकेचा तळ टेरेडो हे मृदुकाय प्राणी पोखरतात. वर्षातून काही महिने नौका कोरड्यात राहिली, तर त्यांचा उपद्रव आटोक्यात राहतो आणि तळाची डागडुजीही करता येते.

मराठा आरमार : सतराव्या शतकात छावणीची जागा हा राजकारणाचा प्रश्न बनला. जंजिऱ्याच्या सिद्दीला आपली मोठी जहाजे खुल्या समुद्रातील बेटाखाली पावसाळाभर ठेवणे अवघड होते; म्हणून तो मुंबई बंदराचा आश्रय घेई. इंग्रजांना मोगल बादशहाच्या या सरदारास दुखविता येत नव्हते आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे वैरही परवडत नव्हते. १६७८ च्या पावसाळ्यात सिद्दी कासिमची जहाजे माझगावजवळ असताना ती जाळण्यासाठी महाराजांनी दौलतखान व दर्यासारंग यांना पनवेलच्या बाजूस पाठविले. परंतु भर पावसाळ्यात खाडी ओलांडणे साधले नाही. पुढील वर्षी, १६७९ मध्ये, पावसाळा ओसरत असताना महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाजवळील खांदेरी बेट घेऊन त्याची तटबंदी सुरू केली. सिद्दीला मुंबईत मिळणारा आश्रय हे या मोहिमेमागील एक कारण मानले जाते.

या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात (सु. १७१५) आढळते. त्यातील आरमारविषयक प्रकरणात छावणीचे स्पष्ट नियम दिले आहेत. पाऊस सुरू होण्यापूर्वी पंधरा-वीस दिवस आरमार छावणीस न्यावे. उघड्या समुद्रातील किल्ल्याखाली ते न ठेवता, संरक्षण असलेल्या बंदरात खाडीच्या आत ठेवावे. दरवर्षी तेच बंदर न धरता जागा बदलावी. सर्व आरमार एके ठिकाणी न गुंतविता विभागून ठेवावे. रात्री जमिनीवरून व पाण्यावरून गस्त घालावी आणि मुलखास उपद्रव होऊ देऊ नये, असा त्यांचा आशय आहे. आरमाराला लागणाऱ्या लाकडासाठी रयतेची आंबा, फणस यांसारखी झाडे तोडू नयेत, अशी ताकीदही याच ग्रंथात आहे. छावणी म्हणजे दुरुस्तीचा हंगाम व दुरुस्ती म्हणजे लाकडाची मागणी, हे लक्षात घेतले म्हणजे या ताकिदीचे महत्त्व कळते.

मराठी आरमारातील नौका अशा मुक्कामास सोयीच्या होत्या. गुराबा साधारणतः १५० ते ३०० टनांच्या असत, तर गलबते क्वचितच ७० टनांहून मोठी असत. उथळ तळामुळे ती खाडीत दूरवर जाऊ शकत. मोठ्या नौकांसाठी विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी आंग्र्यांच्या काळातील समजली जाते. तिची लांबी सु. १०९ मी. व रुंदी सु. ७० मी. आहे. भरतीच्या पाण्याबरोबर नौका आत घ्यावयाची व ओहोटीने पाणी उतरले, की ती कोरड्यात आणून तिचे काम करावयाचे, हे अशा गोदीचे तत्त्व होय. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीची पहिली सुकी गोदी १७५० मध्ये बांधण्यात आली; तिच्या उभारणीत लवजी नसरवानजी वाडिया यांचा मोठा वाटा होता.

नौका एकत्र बांधून ठेवण्यातील धोका फेब्रुवारी १७५६ मध्ये दिसून आला. हा प्रसंग पावसाळी छावणीतील नव्हे. तथापि आज्ञापत्रातील नियमाचे मर्म त्यातून स्पष्ट होते. इंग्रज व पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्गावर तोफांचा मारा झाला, तेव्हा तुळाजी आंग्रे यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाने एकमेकांस बांधलेले होते. त्यांनी पूर्वी कंपनीकडून जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर एक गोळा पडून आग लागली आणि ती एका नौकेवरून दुसरीवर पसरत गेली. काही तासांत जवळजवळ सर्व आरमार भस्मसात झाले.

घरची छावणी : कोळी, खारवी, भंडारी, गाबीत इ. किनारी समाजांतील कुटुंबांची नौका घराजवळच ठेवली जाते. प्रमाण लहान असले, तरी जागेची निवड करताना तत्त्वे आरमाराचीच पाळावी लागतात. पहिली कसोटी उंचीची. जून ते ऑगस्टमधील अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वाऱ्याची जोड मिळते. म्हणून नेहमीच्या भरतीरेषेवर विसंबून चालत नाही, मागील वर्षांत लाटेने सोडलेल्या काडीकचऱ्याची रेषा पाहून तिच्याही वर जागा धरतात. दुसरी कसोटी वाऱ्याची. नाळ किंवा पिछाडी वाऱ्याकडे ठेवल्यास नौकेच्या लांब बाजूवर मारा बसत नाही. माडांच्या रांगेची आड मिळाल्यास उत्तम. मात्र नारळ व झावळ्या पडतील अशा झाडाखाली नौका ठेवीत नाहीत. तिसरी कसोटी निचऱ्याची. डोंगरावरून येणारा ओहोळ जेथून वाहतो, ती वाळू पहिल्याच मोठ्या पावसात खचते.

नौका ओंडक्यांवरून सरकवीत वर ओढतात. त्यापूर्वी डोलकाठी, शीड, सुकाणू व जाळी उतरवून घेतात. तळाचे मुख्य लाकूड, म्हणजे पठाण, जमिनीस न टेकता आडव्या ओंडक्यांवर समतोल बसवितात व दोन्ही बाजूंना टेकू देतात. आधार विषम पडल्यास चार महिन्यांत नौकेला बाक येतो. तळाचे भोक उघडे ठेवतात. कारण समुद्राच्या पाण्यापेक्षा साचलेले पावसाचे पाणी लाकूड लवकर कुजविते.

आच्छादनासाठी मेढी रोवून त्यांवर आढे व वासे बांधतात आणि नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप किंवा भाताचा पेंढा अंथरतात. उतार जितका तीव्र, तितका पाऊस लवकर ओघळतो. बाजू पूर्ण बंद न करता खाली हवा खेळू देतात. गोव्याच्या किनाऱ्यावर अशा शाकारलेल्या निवाऱ्यास खोंप म्हणतात. झापांचे छप्पर दरवर्षी नवे करावे लागते व त्यास आगीचे भय असते. परंतु ते श्वास घेते. त्याच्या सावलीत फळ्या एकदम वाळून सांधे उघडत नाहीत आणि ओलही कोंडत नाही. प्लॅस्टिकचे कापड स्वस्त व हलके असल्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याचा वापर वाढला. ते नौकेला घट्ट लपेटल्यास आत बाष्प साचून बुरशी व कूज वाढते. मांडवाप्रमाणे उंच ताणल्यास हा दोष टळतो.

या महिन्यांत सांध्यांतील जुना कापूस काढून नवा भरणे, लाकडाला माशाचे तेल देणे, तळाला संरक्षक लेप चढविणे, जाळी विणणे ही कामे चालतात. घरात मिळकत नसल्याने सुकविलेल्या मासळीवर व उसनवारीवर भागवावे लागते. श्रावणी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून नौका पुन्हा पाण्यात लोटतात. नारळी पौर्णिमेचा सण अशा रीतीने छावणी उठल्याची खूणही आहे.

आधुनिक काळ : यंत्रचलित नौका व बर्फ यांमुळे पावसाळ्यातही मासेमारी शक्य झाली, तेव्हा पूर्वी निसर्गाने घातलेली मर्यादा कायद्याने घालावी लागली. महाराष्ट्रात १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली पावसाळी बंदी अंमलात आली. अलीकडील वर्षांत यंत्रचलित नौकांसाठी ती १ जून ते ३१ जुलै अशी राहिली असून, माशांच्या प्रजननास वाव देणे हा तिचा एक प्रमुख हेतू आहे. वजनदार नौका हातांनी ओढता येत नाहीत; त्या यंत्राने उचलाव्या लागतात किंवा खाडीत नांगरून ठेवतात. त्यामुळे खाडीतील सुरक्षित जागांवरील गर्दी वाढली आहे.

बंदीची तारीख ठरलेली असली, तरी वादळाची नसते. ‘तौक्ते’ चक्रीवादळ मे २०२१ च्या मध्यास कोकण किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. ‘निसर्ग’ हे ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर धडकले. पहिले मे महिन्यातच, तर दुसरे जूनच्या पहिल्या आठवड्यात आले. पावसापूर्वी पंधरा-वीस दिवस नौका निवाऱ्यास न्यावी, या आज्ञापत्रातील नियमाची उपयुक्तता तीन शतकांनंतरही त्यावरून दिसून येते. नौकेचे रक्षण छपराच्या मजबुतीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते जागा आणि वेळ यांच्या निवडीवर असते, हे कोकणातील छावणीच्या इतिहासाचे तात्पर्य होय.