बुलढाण्याची घरची शाळा आणि रूसोची सोफी

भारतीय आणि पाश्चात्त्य शिक्षणविचारांची तुलना करावयास बसले की आपण बहुधा दोन रकाने आखतो. एकीकडे गुरुकुल, पाठांतर, मोक्ष. दुसरीकडे प्लेटो, रूसो, व्यक्तिस्वातंत्र्य. या आखणीत ताराबाई शिंदे कोठे बसवायच्या, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

१८५० साली जन्मलेल्या ताराबाई बुलढाण्याच्या. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अमलाखाली होता आणि त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. सत्यशोधक विचारांच्या या गृहस्थांनी मुलीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी घरीच शिकविले. शिकविण्याची रीत जुनी, बापाने मांडीशी बसवून अक्षर गिरवून घेण्याची. शिकविणारा मात्र नव्या राज्याचा कारकून. आपले रकाने येथेच पुसट होऊ लागतात.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला झाला. त्यानिमित्त 'पुणेवैभव'ने समस्त स्त्रीजातीवर ताशेरे ओढले, आणि ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध छापून त्याला उत्तर दिले. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

या निबंधाची शिदोरी पाहावी. पुराणांतील पतिव्रता त्यांना मुखोद्गत आहेत, पण त्यांच्या कथा त्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशा तपासतात. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या तेव्हाच्या लोकप्रिय कादंबऱ्याही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाहीत. आणि साहेबी पोशाख चढवून बायकांना मात्र धर्म शिकविणारा सुशिक्षित पुरुष तर त्यांचे आवडते लक्ष्य.

आता रूसोकडे वळू. 'एमिल' (१७६२) हा आधुनिक शिक्षणशास्त्राचा आद्यग्रंथ मानला जातो. त्यातील एमिलने लोकमताची पर्वा न करता स्वानुभवाने शिकावे. पाचव्या भागातील सोफीने मात्र त्याला रिझवावे आणि लोकांत नाव जपावे. मेरी वोल्स्टनक्राफ्टने १७९२ मध्ये याचा खरपूस समाचार घेतला. ताराबाईंनी रूसो वाचला होता असे मानण्यास आधार नाही. पण सोफी आणि पोथीतली पतिव्रता या सख्ख्या बहिणी होत, हे त्यांच्या निबंधाशेजारी 'एमिल' ठेवला की लख्ख दिसते. मुलीच्या शिक्षणापाशी येताच पूर्व आणि पश्चिम यांचे भांडण मिटते, आणि ते मिटणे तुलनाकारांच्या नजरेतून सहसा निसटते.

त्याच वर्षी, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन मांडले. वरच्यांना शिकवा म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सरकारी सिद्धान्त त्यांनी नाकारला आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोडी, बाळबोध, हिशेब, शेतकी मागितली. हेही कोणत्या रकान्यात घालणार? थॉमस पेन वाचलेला माणूस मोडी मागत होता.

ताराबाईंवर टीका झाली तेव्हा १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली ती फुल्यांनीच. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र निघाले नाही. पहिले वाचकांना पुन्हा मिळाले ते १९७५ साली, स. गं. मालशे यांनी संपादून प्रसिद्ध केले तेव्हा; आणि तेव्हापासून ते स्त्रीसाहित्याच्या कपाटात आहे, शिक्षणशास्त्राच्या नव्हे.