उत्तेजन, उत्तेजक : एका शब्दकुळाचे अर्थांतर

उत्तेजन (उत्तेजक, उत्तेजना, उत्तेजित) : धार लावणे, चेतवणे, उत्साह वाढवणे या अर्थांचा संस्कृत तत्सम शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘चांगल्या कामाला पाठबळ’ या अर्थाने तो मराठी सार्वजनिक जीवनात रुळला आणि अनेक सभा-संस्थांच्या नावांत जाऊन बसला. पुढे त्याची ‘उत्तेजक’, ‘उत्तेजना’ आणि ‘उत्तेजित’ ही रूपे मज्जासंस्था, निषिद्ध द्रव्ये आणि कामभावना यांच्याकडे सरकली. ‘उत्तेजन देणे’ आणि ‘उत्तेजनार्थ पारितोषिक’ या प्रयोगांत मात्र जुना अर्थ टिकून आहे. या नोंदीत हा बदल पुण्यातील व खानदेशातील, मुख्यतः धुळे व पारोळा येथील, दाखल्यांच्या आधारे मांडला आहे.

व्युत्पत्ती व मूळ अर्थ

उत् + तिज् या घटकांपासून शब्द बनला. तिज् म्हणजे तीक्ष्ण असणे वा करणे. तेज, तीक्ष्ण, तिग्म हे शब्द याच धातूचे. सोसण्याची ताकद सांगणारा ‘तितिक्षा’ हा शब्दही त्याच्याच इच्छार्थक रूपातून आला. संस्कृतात ‘उत्तेजन’चा एक अर्थ शस्त्राला धार लावणे, पाणी देणे असा आहे. त्याच्याच जोडीला चेतवणे, प्रेरणे हे अर्थ येतात. घोड्याच्या पाच चालींपैकी एकीला ‘उत्तेजित’ असे नाव कोशांत सापडते. मुळात हा शब्द वस्तूत आधीच असलेला गुण वर आणण्याचा आहे. पात्यात धार असते, ती घासून उजळवायची. एकोणिसाव्या शतकातील वापराला हा अर्थ नेमका जुळला.

काव्यशास्त्राने मात्र भावना चेतवणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा शब्द राखला. रसविचारात चंद्र, वसंत, कोकिळेचा स्वर ही ‘उद्दीपने’ होत. त्यांना उत्तेजने म्हटलेले नाही. आधुनिक मानसशास्त्राच्या मराठी परिभाषेतही ‘उद्दीपक’ आणि ‘प्रतिसाद’ अशी जोडी चालते.

‘उत्तेजक’ संस्थांचा काळ

पेशवाई गेल्यावर विद्या व कला यांचा राजाश्रय आटला. पेशवे विद्वानांना देत त्या दक्षिणेतील काही रक्कम इंग्रजी अमलात ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवली गेली, तरी ती सरकारच्या हातातली होती. नव्या शिक्षित वर्गाला वर्गणी गोळा करून, परीक्षक नेमून, बक्षीस लावून काम पुढे न्यायचे होते. या नव्या लोकाश्रयाला ‘उत्तेजन’ हा शब्द मिळाला.

गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी स्वदेशी मालाच्या प्रसारासाठी देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढले. पुण्यातच वेदशास्त्रोत्तेजक सभा वेदशास्त्रांच्या परीक्षा घेऊ लागली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही वक्तृत्वोत्तेजक सभेच्या नावाने भरते. १८९४ मध्ये स्थापन झालेली डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्स्लेशन सोसायटी पुढे महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था झाली. ती ग्रंथांना पुरस्कार देते. मुंबईत पारशी-गुजराती रंगभूमीवरही नाटक उत्तेजक मंडळी होती.

या सर्व नावांची घडण सारखी आहे. समासाचे पूर्वपद कशाला उत्तेजन द्यायचे ते सांगते (वक्तृत्व, ग्रंथ, व्यापार, वेदशास्त्र) आणि उत्तरपद ते काम करणारी संस्था दाखवते. पूर्वपद समोर असल्यामुळे ‘उत्तेजक’ या पदाविषयी गैरसमजाला जागा राहत नाही. पुढच्या अर्थांतराचे कारण याच घडणीत सापडते.

खानदेशातील दाखला : धुळ्याची सत्कार्योत्तेजक सभा

या परंपरेतील खानदेशची ठळक संस्था म्हणजे धुळ्याची सत्कार्योत्तेजक सभा (१८९३). समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. वकिली करणाऱ्या देवांनी रामदासी मठांतून हस्तलिखिते गोळा केली. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून सिद्ध केलेला दासबोध त्यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. समर्थ वाग्देवता मंदिरात जमलेला हस्तलिखितांचा साठा ही या कार्याची पुढची पायरी. ‘सत्कार्य’ हे पूर्वपद इतके व्यापक आहे की या नावाखाली ग्रंथशोधन, प्रकाशन आणि धर्मजागृती अशी सगळीच कामे बसली.

याच धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे. १८७० ते १८९५ या पंचविशीत दुसऱ्याच्या कामाला बळ देणारी ‘उत्तेजक’ नावे दिसतात; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतः काम करणाऱ्यांची ‘संशोधक’, ‘संशोधन’ अशी नावे पुढे येतात. शब्दाचा संस्थात्मक बहर येथे ओसरू लागलेला दिसतो.

पारोळा : फूस, फितवणे, चिथावणी

माणसांना चेतवण्याची दुसरी तऱ्हा खानदेशात आधीपासून होती आणि तिला मराठीत वेगळे शब्द होते. धुळे–जळगाव रस्त्यावरील पारोळा येथील भुईकोट किल्ला जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधल्याचे आणि पन्नासेक घरांच्या खेड्याचे तटबंदीचे गाव केल्याचे खानदेश गॅझेटियर नोंदवते. १८२१ मध्ये येथे पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज याच्या खुनाचा प्रयत्न झाला. त्याला जहागीरदारांची आतून साथ असल्याचा इंग्रजांचा समज होता. १८५७ च्या उठावानंतर, १८५९ मध्ये, जहागीरदारांवर राजद्रोहाचा ठपका ठेवून जहागीर जप्त करण्यात आली आणि किल्ल्याची मोडतोड झाली.

अशा आतल्या साथीला मराठीत फूस लावणे, फितवणे, चिथावणे म्हणतात; तिला उत्तेजन म्हणण्याची रीत नाही. फूस कानात दिली जाते, तर उत्तेजन सभेत, छापील अहवालात आणि वर्गणीदारांच्या यादीत दिसते. पारोळ्याची जहागीर जप्त झाली आणि धुळ्यात सभा निघाली, या दोन घटनांमध्ये ३४ वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात, १८७० मध्ये, भारतीय दंडसंहितेत राजद्रोहाचे १२४-अ हे कलम आले. १८९७ मध्ये याच कलमाखाली लोकमान्य टिळकांवर खटला चालला, तेव्हा सरकारविषयी ‘अप्रीती’ चेतवणे म्हणजे काय यावर न्यायालयात काथ्याकूट झाला. चेतवण्याची क्रियाच संशयास्पद ठरत असताना, ज्याला बंडाचा वास नाही असा शब्द शिक्षितांना सोयीचा होता. ‘उत्तेजन’ची लोकप्रियता काही अंशी तरी या सोयीतून आली असे म्हणता येते.

अर्थांतराची दिशा

विसाव्या शतकात बदल तीन वाटांनी झाला.

(१) वैद्यक व आरोग्य : मज्जासंस्थेचे काम वाढवणाऱ्या पदार्थांना ‘उत्तेजके’ म्हटले जाऊ लागले. चहा व कॉफी ही ‘उत्तेजक पेये’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. येथे चेतवणारी सभा जाऊन रसायन आले आणि चेतवला जाणारा गुण जाऊन शरीर आले.

(२) क्रीडा : खेळाडूने घेतलेल्या निषिद्ध पदार्थांसाठी वृत्तपत्रांनी ‘उत्तेजक द्रव्ये’ आणि त्यांच्या तपासणीसाठी ‘उत्तेजक चाचणी’ हे शब्द रुजवले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, १९९९ मध्ये, तर भारतातील नाडा २००५ मध्ये स्थापन झाली. राष्ट्रीय कायदा २०२२ चा आहे. निषिद्ध यादीत स्टेरॉइडे आणि लघवी वाढवणारी औषधेही असतात आणि ती काटेकोर वैद्यकीय अर्थाने उत्तेजके नव्हेत. वैद्यकातला अर्थ क्रीडापानावर असा पसरट झाला.

(३) कामभावना : आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कामशक्तीविषयीच्या अंगाला ‘वाजीकरण’ हे नाव आहे. त्या क्षेत्रात ‘कामोत्तेजक’ हा समास आला. त्याची घडण ‘वक्तृत्वोत्तेजक’सारखीच आहे. मग बोलण्या-लिहिण्यात पूर्वपद गळाले. ‘उत्तेजक दृश्य’, ‘उत्तेजक नाच’, ‘उत्तेजक पोशाख’ म्हटले की कशाला उत्तेजक हे सांगावे लागेना. आज पूर्वपद नसलेला ‘उत्तेजक’ एकतर द्रव्याचा असतो, नाहीतर कामभावनेचा.

भौतिकशास्त्रात मात्र अणूची ‘उत्तेजित अवस्था’ हा शुद्ध पारिभाषिक प्रयोग आहे. त्याला यांपैकी कोणतीही छटा चिकटलेली नाही. शास्त्रीय व्याख्येने बांधलेला शब्द लोकव्यवहारातल्या घसरणीपासून सुरक्षित राहतो, याचे हे उदाहरण होय.

घरगुती शब्दांचीही हीच वाट

तद्भव व देशी शब्दांनीही हाच प्रवास केला. ‘चाळवणे’ हे क्रियापद चल् या धातूच्या कुळातले. त्याचा साधा अर्थ हलवणे, ढवळणे. ‘झोप चाळवली’ म्हणजे जाग येता येता झोप मोडली. ‘मन चाळवले’, ‘भावना चाळवल्या’ येथे मात्र लालसेची छटा येते. ‘चेकाळणे’ हा शब्दही उत्साहापेक्षा उच्छृंखलपणाकडे झुकला आहे. याउलट ‘चेव येणे’ राग, जोम, खेळ, भांडण यांना सारखेच चालते, तर ‘चालना देणे’ सरकारी पत्रव्यवहारात जाऊन सभ्य झाले. ‘चाळवणे’ व ‘चालना’ एकाच धातूचे असूनही एक खासगीत वापरले जाते आणि दुसरे अर्थसंकल्पात.

शेजारच्या भाषांतील स्थिती

गुजराती व कन्नडमध्ये ‘उत्तेजन’ आजही प्रामुख्याने प्रोत्साहन या अर्थाने चालतो. हिंदीत ‘उत्तेजना’ म्हणजे खळबळ, आवेश. ‘उत्तेजक’ म्हणजे भडकवणारा किंवा कामुक. बंगालीतही ‘उत्तेजना’त तणाव व खळबळ हाच भाग मोठा आहे. मराठी या दोन्ही गटांच्या मध्ये उभी आहे. नपुंसकलिंगी ‘उत्तेजन’ गुजराती-कन्नडच्या बाजूला राहिले, स्त्रीलिंगी ‘उत्तेजना’ हिंदीच्या बाजूला गेली. खानदेशची एक सीमा गुजरातला आणि दुसरी मध्य प्रदेशाच्या हिंदी पट्ट्याला लागते; त्यामुळे सुरतेला कामधंद्यासाठी जाणाऱ्या खानदेशी माणसाच्या कानावर या शब्दाचे दोन्ही अर्थ पडतात.

इंग्रजीशी तुलना

इंग्रजीत ‘राउझ’ हा शब्द आधी शिकारीचा होता : बहिरी ससाण्याने पिसे झाडणे, दडलेले सावज उठवणे. माणसाला झोपेतून उठवण्याचा अर्थ त्यानंतरचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यापासून ‘अराउझ’ निघाला. तो संशय, कुतूहल, राग अशा कशाचेही जागे होणे सांगे आणि अजूनही सांगतो. विसाव्या शतकात मात्र त्याचे ‘अराउझ्ड’ हे रूप कर्माशिवाय एकटे वापरले की कामभावनेचाच बोध होऊ लागला. लॅटिनमध्ये हलवणे, जागे करणे या अर्थाचा जो शब्द होता त्यातून ‘एक्साइट’ आला. त्याची वाटचाल आनंदाच्या व उत्सुकतेच्या दिशेने झाली. ‘अराउझ’ आणि ‘उत्तेजक’ यांची घसरण एकाच रीतीची आहे : काय जागे करायचे हे वाक्यातून गळाले की ऐकणारा ती रिकामी जागा कामभावनेने भरतो. हा बदल मराठीने इंग्रजीची नक्कल करून घेतला असे मानण्याचे कारण नाही. मात्र वैद्यक आणि क्रीडा या क्षेत्रांतील मराठी परिभाषा इंग्रजी संज्ञांसाठी घडली, हेही खरे.

आजचा वापर

प्रशासन व अर्थव्यवहार यांत ‘उत्तेजन’ची जागा ‘प्रोत्साहन’ने घेतली आहे. उद्योगांसाठी राज्य सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत नियमित कर्ज फेडणाऱ्यांना ५० हजार रुपयांपर्यंत देण्यात आलेली रक्कम ‘प्रोत्साहनपर लाभ’ या नावाने कागदोपत्री आली. शंभर वर्षांपूर्वी या ठिकाणी ‘उत्तेजनार्थ’ हा शब्द सहज आला असता.

शाळांतून मात्र तो अजून हटलेला नाही. निबंध, वक्तृत्व, चित्रकला, रांगोळी अशा कोणत्याही स्पर्धेत पहिल्या तीन क्रमांकांनंतर ‘उत्तेजनार्थ’ नाव पुकारले जाते. पारोळा, अमळनेर, एरंडोलच्या शाळाही याला अपवाद नाहीत. येथे त्याचा अर्थ ‘क्रमांक हुकला, पण गुण आहे, पुढच्या वेळी धार लाव’ असा होतो आणि तो धातूच्या मूळ अर्थाच्या फार जवळ जातो. अलीकडे काही प्रमाणपत्रांवर त्याऐवजी ‘प्रोत्साहनपर’ छापलेले आढळते.

जुन्या संस्थांनी आपली नावे बदललेली नाहीत, आणि बदलण्याची गरजही नाही. शब्द घसरला तो एकटा पडला तेव्हा. वक्तृत्व, ग्रंथ वा सत्कार्य हे पूर्वपद सोबत असेपर्यंत त्याचा जुना अर्थ शाबूत राहतो.