विहिरीतला परदेशी पाहुणा: गप्पी माशाचा इतिहास

१/ महाराष्ट्रात गप्पी मासा दोन ठिकाणी हमखास भेटतो: हौशी माणसाच्या काचेच्या टाकीत आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभागाने मासे सोडलेल्या डबक्यात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा इंच-दीड इंचाचा जीव भारतात आणला गेला तो शोभेसाठी नव्हे, हिवतापाशी लढण्यासाठी.

२/ १८५९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. पुढे त्रिनिदादमधून रॉबर्ट गप्पी यांनी काही मासे ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ मध्ये अल्बर्ट गुंथर यांनी त्यांना गप्पींचे नाव दिले. शास्त्रीय नावात पीटर्स यांचा मान पहिला ठरला. लोकांच्या तोंडी मात्र गप्पीच राहिला.

३/ गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात. साधारण चार आठवड्यांत गप्पीची नवी वीण होते. एकदा नराशी संयोग झाला की मादी शुक्राणू महिनोन्महिने साठवून ठेवते. म्हणजे एकच मादी नवी वसाहत उभी करू शकते. पिल्ले जन्मताच पोहतात, पण आईच त्यांना गिळते. म्हणून पाळणारे टाकीत दाट पाणवनस्पती ठेवतात.

४/ १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी हिवताप आणि डास यांचे नाते सिद्ध केले. १९११ मध्ये चार्ल्स बेंटले यांच्या अहवालाने मुंबईतल्या हिवतापाचे मूळ दाखवले: घरोघरच्या विहिरी. अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी हा डास तिथेच वाढत होता.

५/ उपाय सोपा वाटला: विहिरी बुजवा किंवा झाका. पण विहीर म्हणजे केवळ पाणी नव्हे. कुठे तिच्यात देवतेचा वास मानलेला, कुठे पाण्याला सूर्यदर्शन व्हावे असा पारशी धर्मश्रद्धेचा आग्रह. या श्रद्धांची नोंद मुंबई महापालिकेत काम करणाऱ्या रुस्तम मसानी यांनी १९१८ च्या ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ या पुस्तकात केली.

६/ मासा सोडण्यासाठी मात्र विहीर बुजवावी लागत नाही. भारतात गप्पी १९१० च्या सुमारास आला. १९२८ मध्ये त्याचा उत्तर अमेरिकी भाऊबंद गॅम्बुसियाही आला, तो इटलीमार्गे. गप्पीचे तोंड वर वळलेले असते. पृष्ठभागाजवळचे प्राणवायूयुक्त पाणी घेत तो गढूळ, घाण पाण्यातही तगतो.

७/ मग डीडीटी आले आणि मासे मागे पडले. १९४७ मध्ये देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी हिवतापरुग्ण असल्याचा अंदाज होता. १९६५ पर्यंत ही संख्या लाखाच्या आसपास उतरली. पण डास कीटकनाशकाला सरावले आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. गप्पीची पुन्हा आठवण झाली. १९८३ पासून गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील नडियाद तालुक्यात झालेल्या प्रयोगात त्याला महत्त्वाचे स्थान होते.

८/ दरम्यान मुंबईकर काचेपलीकडचे मासे पाहू लागले होते. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर मत्स्यालय उघडले, उद्घाटक राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद. त्याला नाव मिळाले देणगीदार डी. बी. तारापोरवाला यांचे आणि हे आडनाव आले बोईसरशेजारच्या तारापूर गावावरून. अणुवीज केंद्राने १९६९ मध्ये तारापूरला देशभर ओळख दिली. त्याआधीच हे नाव मुंबईत माशांच्या घरावर कोरले गेले होते.

९/ या कथेला दुसरी बाजू आहे. डासाच्या अळ्या खाणारे मासे इथे आधीपासूनच होते. कपाळावर चमकता ठिपका मिरवणारा पंचाक्स हा पश्चिम किनाऱ्याच्या पाण्यातला जुना रहिवासी. गोव्यात हिवताप नियंत्रणासाठी याच कुळातला स्थानिक मासा वापरून पाहिला गेला. उलट गॅम्बुसिया आज जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. तो अळ्यांबरोबर इतर माशांची पिल्ले आणि बेडकांची अंडीही खातो.

१०/ म्हणून पालघरच्या ओढ्यात, सूर्या नदीत किंवा वसईच्या बावखलात टाकीतले जास्तीचे मासे सोडणे म्हणजे जीवदान नव्हे. तिसऱ्या मुद्द्यातली ती एकटी मादी तिथेही पुरेशी असते. शंभर वर्षांपूर्वी विहिरीत सोडलेला पाहुणा परत बोलावता आलेला नाही. टाकीतला मासा टाकीतच ठेवणे मात्र आजही पाळणाऱ्याच्या हातात आहे.